राहेल सिस्टरचा द्राक्षरस

"सर्वांनी मिळून घेऊ या," पाळकसाहेब म्हणाले आणि सगळ्या मंडळीनं एकदम पेले ओठांना लावले.

आमच्या चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, माझं ते पहिलं प्रभुभोजन. हातात अंगठ्याएवढा काचेचा पेला, अंगावर आईच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीतून शिवलेला ड्रेस, डोळे गच्च मिटलेले. मी पेला रिकामा केला.

रस खारट होता.

थोडाथोडका नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की आमचे बाबा नुसती भुवई उचलतात. इथे भुवईनं भागणार नव्हतं. घसा बसल्यावर गुळण्यांसाठी पाणी करतात ना, तसा होता तो, वरून मनुक्यांचा वास.

आता माझी अडचण लक्षात घ्या. आदल्याच रविवारी माझं दृढीकरण झालं होतं, त्याशिवाय प्रभुभोजन मिळत नाही. त्याआधीची तेरा वर्षं तो पेल्यांचा ट्रे माझ्या नाकाखालून पुढे जायचा आणि मी नुसती बघायचे. मला काय माहीत चव कशी असते? मला वाटलं, अशीच असते. एवढंच नाही, मी तिथल्या तिथे तिचा अर्थही लावला. अश्रू! दुःखाचे अश्रू! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि इतक्या लहान वयात आपल्याला इतकी खोल समज आहे याचं मला फार कौतुक वाटलं.

डोळे उघडले तर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. साठ माणसं, पण एकही हललं नाही. सेक्रेटरी पंडितकाकांच्या मिशा थरथरत होत्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष मनोरमाकाकू छताकडे बघत होत्या, जणू तिथून कोणी पाण्याचा तांब्या सोडणार आहे. पाळकसाहेब पुढचं वाक्य बोलायला गेले आणि खोकले. थुंकणार कोण? पवित्र वस्तू! सगळ्यांनी गिळलं.

उपासना संपल्यावर दारात राहेल सिस्टर उभ्या होत्या. गेली अठ्ठावीस वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारचा द्राक्षरस त्याच करायच्या. मिशन हॉस्पिटलात चाळीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त झाल्या, नवरा वारला, मुलगा पुण्याला गेला. त्या मात्र कंपाउंडमधल्या क्वार्टर नंबर चारमध्येच राहिल्या. आमच्या मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली होती. म्हणूनच असेल, प्रत्येक जण दारातून जाताना म्हणत होता, "सलाम सिस्टर, रस छान झाला होता."

पाळकसाहेबांनी तर त्यांचा हात हातात घेतला.

"आई," मी रस्त्यात म्हटलं, "किती अर्थ आहे गं त्यात! अश्रूंची चव."

आई थांबली. "कसले अश्रू? साखरेऐवजी मीठ पडलंय."

"मग कोणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार त्यांना? तू बोल."

आईनं ते 'तू बोल' कोणत्या सुरात म्हटलं होतं, हे आता दहावीत मला चांगलं कळतं. तेव्हा आठवीत होते. मला ते नेमणुकीचं पत्र वाटलं.

माझी थोडी पूर्वपीठिका सांगते. सातवीपर्यंत वर्गात "पाणी प्यायला जाऊ का?" विचारायचीही मला भीती वाटायची. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पाच स्पर्धकांत चौथं, पण ट्रॉफी खरी होती. त्या दिवसापासून माझा आवाज मलाच आवडायला लागला. त्यात आईबाबांनी नाव ठेवलंय सुवार्ता. शुभवर्तमान! आजोबा म्हणायचे, या पोरीच्या पोटात शुभच काय, कसलंच वर्तमान टिकत नाही.

आणि त्यातच दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "मोठी सेवा शोधत बसू नका. आपल्याच गल्लीत रोज एक दार उघडं असतं. आत जायचं, एवढंच."

मी दारं शोधत सुटले. पंडितकाकांच्या सासूबाईंना हाताला धरून जिना चढायला मदत केली. त्या उतरत होत्या. ढग आले म्हणून मनोरमाकाकूंचे गच्चीवरचे पापड धावत जाऊन गोळा केले. ते ओले होते, मी एकावर एक रचले, पाऊस आला नाही. दीडशे पापडांचा एकच पापड झाला. काकू म्हणाल्या, "सुवार्ता, तुझं मन मोठं आहे गं. ते तुझ्याच घरी ठेव."

अशी मी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, क्वार्टर नंबर चारच्या दारात उभी राहिले.

"सलाम, आजी. मी मदतीला आले."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"का? मला काय झालंय?"

याची मी तयारी केली नव्हती. "काही नाही. मी आपली संधी शोधत होते."

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पापड तूच गोळा केलेस ना?"

"हो."

"ये आत. चपला बाहेर. हात धू, कोपरापर्यंत. मनगटापर्यंत धुतलेले हात मी हात समजत नाही."

ओट्यावर दोन पातेली होती. दोन्हींत काळे मनुके भिजत घातलेले. 

"दोन का हो आजी? पाहुणे आहेत?"

आजी दुसऱ्या पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्यावर ताट झाकलं. "ते कालचं आहे," म्हणाल्या. पण मनुके टणक होते, मी पाहिलं होतं. तासाभरापूर्वीच घातलेले असणार.

मग मनुके उकळणं सुरू झालं. माझ्याकडे ढवळायचं काम. आजी म्हणाल्या, "नलिनी, आच कमी कर."

"आजी, मी सुवार्ता."

"माहीत आहे मला."

पाच मिनिटांनी पुन्हा, "नलिनी, तो पंचा दे गाळायला." या वेळी मी पंचा दिला आणि गप्प बसले. नलिनी म्हणजे त्यांच्याबरोबरची नर्स, बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, हे मला नंतर आईकडून कळलं.

रस गाळून झाला. फळीवर स्टीलचे दोन डबे होते, सारखे, जुळे. आजींचा हात एका डब्याकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे गेला आणि मध्येच राहिला.

"चाखून बघू का?" मी विचारलं.

"चाख."

डावीकडचा साखरेचा निघाला. आजींनी साखर घातली, ढवळली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पाटावर बसल्या.

"मागच्या महिन्यात मीही होते की गं तिथे," त्या म्हणाल्या. "मीही प्यायले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साठ माणसांपैकी कोणाच्याच आलं नव्हतं. ज्यांनी रस केला, त्याही पहिल्या रांगेत बसून तोच रस प्यायल्या होत्या.

"मग दारात उभी राहिले. म्हटलं, कोणीतरी सांगेल. एकेक येतोय आणि म्हणतोय, छान झाला होता. तुझी आईसुद्धा. चाळीस वर्षं मी पेशंटला सांगत आलेय, काही नाही, व्हाल बरे. माणसं असं कधी बोलतात ते मला कळतं, पोरी."

मी पंचा पिळत बसले.

"प्रबोधला कळलं तर तो मला पुण्याला नेईल. मुलगा चांगला आहे, वाईट नाही. पण आठव्या मजल्यावर राहतो. तिथे मी खाली उतरले तर घरी कशी जाणार? इथे डोकं विसरलं तरी पाय विसरत नाहीत. देवळापासून घरापर्यंत आपले आपण चालत येतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाला सांगशील?"

"नाही आजी. शप्पथ."

"शपथ नको. नुसतं सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशीचा रस सुंदर झाला होता. सगळ्या मंडळीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे. इथे गोष्ट संपायला हवी होती. मी सभ्य मुलगी असते तर संपलीही असती.

पण प्रभुभोजनानंतर मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली. आमच्याकडे पाळकसाहेब विचारतात, "कोणाचे प्रार्थनेचे विषय आहेत का?" मग लोक उठून सांगतात. अमक्याचं ऑपरेशन, तमक्याची परीक्षा, एखादी मुलगी बाळंतपणाला आलेली. त्याच महिन्यात मंडळीनं बिनतारी माईक घेतला होता. तो हातोहात बाकांवरून फिरत फिरत माझ्या बाकापाशी आला. नवाकोरा, चकचकीत माईक.

माझा विचार, शपथेवर सांगते, अगदी सरळ होता. आजी म्हणाल्या होत्या, कोणाला सांगू नकोस. देव काही 'कोणी' नाही. देवाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, ती प्रार्थना. शिवाय मी नाव थोडंच घेणार होते?

मी उभी राहिले.

"आपल्या मंडळीतील एक वयोवृद्ध भगिनी," मी स्पर्धेतल्या आवाजात सुरुवात केली, "नाव सांगणं उचित नाही, ज्यांना अलीकडे विस्मरण होतं. ज्या एकट्या राहतात. ज्यांनी आयुष्यभर रुग्णांची सेवा केली."

आईनं माझा ड्रेस ओढला. मला वाटलं, तिचं मन भरून आलंय.

"ज्यांच्या हातून केवळ वयोमानामुळे मीठ आणि साखर यांत गफलत झाली. त्यांचे चिरंजीव पुण्याला असतात. त्यांना हे कळू नये अशी त्या भगिनीची इच्छा आहे आणि तिनं ती विश्वासानं माझ्याकडे बोलून दाखवली आहे. तरी प्रभूनं तिचं हे गुपित राखावं, म्हणून आपण प्रार्थना करावी."

मी बसले. टाळ्या वाजवायची आपल्याकडे पद्धत नाही, नाहीतर वाजल्या असत्या असं मला खरंच वाटलं.

मग मला माना वळल्याचे आवाज ऐकू आले. साठ माना, पहिल्या रांगेकडे. आजी वळल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि प्रार्थना न करताच म्हणाले, "आमेन."

घरी आई काही बोलली नाही. ताट वाढलं, माझ्या आवडीची वांग्याची भाजी वाढली आणि काही बोलली नाही. ती ओरडली असती तर मी जेवले तरी असते.

संध्याकाळपर्यंत पंडितकाकांनी पुण्याला फोन केला होता. "मुलाला कळायला नको का? उद्या काही बरंवाईट झालं तर?" असं ते सगळ्यांना सांगत होते आणि ते चूक नव्हते, तीच तर पंचाईत. मंगळवारी कमिटी बसली. ठरलं असं, की पुढच्या महिन्याचा रस राहेल सिस्टरनी करावा, निरोपाचा म्हणून. त्या रविवारी उपासना झाली की मुलगा त्यांना घेऊन जाईल. त्यानंतर मनोरमाकाकू दुकानातून सरबताची बाटली आणतील आणि पाणी घालतील.

मी आजींकडे गेले. त्या दारात बसून लसूण सोलत होत्या.

"आजी, मी कोणाला नाही सांगितलं. मी देवाला सांगितलं."

आजींनी मानही वर केली नाही. "देवाला ऐकू येतं गं, सुवार्ता. त्याला माईक कशाला लागला?"

त्या दिवशी त्यांनी मला नलिनी म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्यांना माझं नाव अगदी बरोबर आठवत होतं.

तिथून मी रडत पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले. ते मागच्या अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होते.

"पाळकसाहेब, मला क्षमा पाहिजे."

"माझ्याकडे नाही मिळणार. माझं काय गेलंय?" त्यांनी प्लगवर फुंकर मारली. "बस. रडून घे आधी."

मी रडून घेतलं. त्यांनी मला हात पुसायचं फडकं दिलं. ते ऑइलचं होतं. माझं तोंड काळं झालं, म्हणजे अक्षरशः.

"त्या दिवशी मी दारात राहेलबाईंचा हात हातात घेतला," ते म्हणाले, "आणि अंगावर झगा असताना खोटं बोललो. छान झाला होता म्हणालो. तू खरं बोललीस, पण भलत्या ठिकाणी. आपण दोघं मिळून एक धड माणूस झालो असतो."

"आता मी काय करू?"

"जा तिकडे."

"त्या घरात घेणार नाहीत."

"मग पायरीवर बस. पायरी कंपाउंडची आहे."

शनिवारी मी पायरीवर जाऊन बसले. तासाभरानं दार उघडलं. एक काळं पातेलं बाहेर आलं, त्यामागून काथ्या आणि राख.

"मदत करायचीय ना? घास. पण एक अट आहे. बोलायचं नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"बघ, हेच."

मी दोन तास बोलले नाही. घरी कोणालाही हे खरं वाटलं नाही, बाबांनी तर कपाळाला हात लावून पाहिला. पुढच्या शनिवारी आजींनी मला ओसरीवर घेतलं, त्याच्या पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात. तोंड बंद असलं की डोळ्यांना काम मिळतं, हे मला तेव्हा कळलं. गोळ्यांच्या पाकिटातली मंगळवारची गोळी तशीच होती. गॅसचं बटण थोडंसं उघडं राहिलं होतं, मी बंद केलं. आजींनी ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. मीही काही म्हटलं नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला असा प्रसंग असावा.

मग तो शनिवार आला. दारासमोर गाडी उभी होती. ओसरीवर दोन बॅगा भरलेल्या, एक दोरीनं बांधलेली गादी, भिंतीवरच्या फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. प्रबोधकाका उंच, टक्कल पडलेले, सारखे घड्याळाकडे बघणारे. ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि आपल्या आईला शेवटचा रस करताना बघत होते. मी मागच्या मोरीत भांडी घासत होते.

"अगं ए," आजींनी हाक मारली. "ये. चाखून बघ."

मी हात धुतले, कोपरापर्यंत. चमचाभर रस तोंडात घेतला.

खारट.

मी आजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, एक हात ओट्यावर टेकलेला. मागे प्रबोधकाका. माझ्या तोंडात तो घोट होता आणि तो गिळायला मी जितका वेळ लावला तितका वेळ मला विचार करायला मिळाला. 'छान झालाय' म्हटलं तर आजी आज मुलासमोर वाचतील आणि उद्या साठ माणसांसमोर तेच पुन्हा. खरं बोलले तर, तिथे बॅगा भरलेल्याच होत्या. आणि मला तर बोलायलाच बंदी होती.

"आजी," मी म्हटलं, "खारट झालाय."

खुर्ची करकरली. प्रबोधकाका उठले. "बघितलंस आई? म्हणूनच मी म्हणतो. तुझी काही चूक नाही. पण बघितलंस ना?"

आजी त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, स्वतः चाखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "शी! मिठानं कडू झालाय मेला. ओत मोरीत. ते दुसरं पातेलं घे, मनुके आहेत त्यात."

त्या दिवशीही दोन पातेली होती. दुसऱ्यांदा भिजत घातलेले मनुके कामाला आले.

"आई, ऐक ना."

"तू ऐक," आजी म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. "काय झालं? खारट झाला. हिनं सांगितलं. मी ओतला. आता गोड करणार. यात कोण मेलं? मागे साठ जणांनी मला सांगितलं नाही. तुला महिनाभर माहीत आहे, रोज फोन करतोस. विचारलंस का मला एकदा तरी, आई, तू विसरतेस का गं? नाही. म्हणालास, इथली हवा चांगली आहे, चार दिवस ये."

प्रबोधकाकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"पुण्याला मी भाजीत मीठ विसरेन. तू म्हणशील, छान झालीय. सूनबाई म्हणेल, छान झालीय, आणि रात्री पोरांना बाहेरून काही मागवून देईल. मग एक दिवस मला ओट्याजवळ येऊच देणार नाहीत, तेही गोड बोलून. इथे मला तोंडावर सांगणारं एक माणूस मिळालंय. तेरा वर्षांचं आहे, पापडांचं वाटोळं करतं, पण सांगतं."

"आणि बाकीचे सहा दिवस?" प्रबोधकाका हळूच म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "ही शाळेत असणार. गॅस चालू राहिला तर? गोळ्या राहिल्या तर? मी तिथे झोपू कसा, आई? रोज कोणीतरी बघणारं असेल तर सांग, मी आत्ता गादी सोडतो."

 आजी ओट्याकडे वळल्या. मी मनुके उकळायला ठेवले. थोड्या वेळानं प्रबोधकाकांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पंचा धरायला आले. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आजींनी रस ओतला.  साखर मी चाखून दिली.

रविवारी देऊळ भरलेलं होतं, निरोपाची उपासना म्हणून. गाडी फाटकाशी, बॅगा डिकीत. रस उत्तम झाला होता. प्रबोधकाका मागच्या बाकावर बसले होते.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाचे प्रार्थनेचे विषय आहेत का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी, अगदी मागच्या बाकावरच्या तान्ह्या बाळानंही. माईक माझ्या रांगेत येणार तेवढ्यात पंडितकाकांनी तो मधल्या मध्ये काढून घेतला. मी हात मांडीखाली घालून बसले होते.

पहिल्या रांगेत राहेल आजी उठल्या. मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"माझा विषय आहे. देवाला मी रोज सांगते, त्याचं त्याला माहीत आहे. आजचा विषय तुमच्यासाठी आहे. मला विसरायला होतं. आणखी होईल, मी नर्स आहे, मला कळतं. मला इथेच राहायचंय. त्यासाठी रोज सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा कोणीतरी यायचं. गॅस बघायचा, गोळ्या बघायच्या. पाच मिनिटांचं काम. चहा मी देईन. आणि काही चुकलेलं दिसलं तर तोंडावर सांगायचं. छान झालं म्हणणाऱ्यानं येऊ नये. शनिवार या पोरीचा. बाकीचे सहा वार मोकळे आहेत."

त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

ट्रेमधल्या रिकाम्या पेल्यांची किणकिण ऐकू आली. मागे मी पाहिलं तर प्रबोधकाकांनी पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला होता.

"मंगळवार माझा," मनोरमाकाकू म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या. "आणि सिस्टर, खरं सांगू? तो खारट रस भयंकर झाला होता. मला दुपारपर्यंत मळमळत होतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस," आजी म्हणाल्या. "औषध दिलं असतं."

कुठेतरी कोणी फिसकन हसलं आणि मग सगळं देऊळच हसायला लागलं. त्या गडबडीत आईनं बुधवार घेतला. पंडितकाकांनी घसा साफ करून माईकवरून, "सेक्रेटरी या नात्यानं," सोमवार घेतला. शुक्रवारसाठी दोन घरं भांडायला लागली, त्यांना सकाळ-संध्याकाळ वाटून दिली.

मागच्या बाकावरून आवाज आला, "रविवार माझा." प्रबोधकाका. "दर रविवारी जमणार नाही. पण जमेल तेवढे माझे. बाकीचे मी फोनवर, आई, आणि मी विचारीन."

आजींनी मान हलवली. अजून त्या बसल्या नव्हत्या. बोटांवर त्यांनी वार मोजले, एकेक करून, ओठ हलवत. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत होते आणि घाबरले होते, की मध्येच त्या विसरतील.

"तर आपण आता डोळे मिटू या," पाळकसाहेब भरल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "हे आमच्या स्वर्गातल्या बापा..."

"पाळकसाहेब," राहेल आजी म्हणाल्या, "गुरुवार राहिला."

पाळकसाहेबांनी मिटलेले डोळे उघडले.